हंड्यातलं हिरवं पाणी

पाणी गाळायचं कापड, म्हणजे गळणं, दुहेरी असावं. पाणी गाळून झालं की ते उलटं करायचं, वरून गाळलेलंच पाणी बारीक धारेनं सोडायचं आणि कापडावर अडकलेले, डोळ्यांना न दिसणारे जीव जिथून आले त्याच पाण्यात परत पोचवायचे. आई त्यासाठी कळशी दोरीनं थेट विहिरीच्या पाण्याला टेकवायची आणि मगच तिरपी करायची. वरून ओतलं तर जीव आपटतात. आम्हा जैनांत याला जिवाणी म्हणतात.

*

पिवळा फ्रॉक. घेराला पांढरी बदकं.

*

पाणी शुद्ध करायच्या टीसीएल पावडरचा डबा उघडताना वारा पाठीवर घ्यावा.

*

‘आमच्याकडं चहात आलं किसून घालतात,’ आप्पा मला म्हणाले. आमच्याकडं म्हणजे त्रिशलाकडं. आई गेल्यावर कितीतरी वर्षं ते माझ्याकडं राहिले आणि माझ्या घराला शेवटपर्यंत ‘तुझं घर’ म्हणत राहिले.

*

डाव्या पायाचा अंगठा फरशीवर घासत येतो. आधी तो आवाज येतो, मग आप्पा.

*

दुकानदार टँकच्या निळ्या टाइल्सना ‘मालदीव’ म्हणत होता, असं भरतेशनं सांगितलं.

हिरवं

‘अक्का, परत हिरवं झालंय.’

फोनवर त्रिशला यापेक्षा जास्त बोलायची नाही. मीही विचारायची नाही. सांगलीहून तासगावच्या पुढं तिच्या मळ्यापर्यंतची बस मला पाठ झाली होती.

त्रिशला माझी धाकटी बहीण. तिचा नवरा भरतेश द्राक्षबागायतदार. आमच्या वडिलांना, आप्पांना, अर्धांगाचा झटका आला, डावी बाजू गेली, आणि डॉक्टर म्हणाले की कमरेएवढ्या पाण्यात रोज चालवलंत तर पाय परत येईल. मी तिसऱ्या मजल्यावर राहणारी, लिफ्ट नसलेल्या इमारतीत, कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणारी. भरतेशनं बंगल्याच्या मागं चक्क स्विमिंग टँक बांधला. त्यावर बोलायला माझ्याकडं काय होतं? आप्पांची ट्रंक जीपमध्ये ठेवताना मी त्रिशलाला एवढंच म्हणाले, ‘गरज असेल तेव्हा बोलव. उगाच पाहुणी म्हणून मी यायची नाही.’

गरज पडली ती शेवाळाची.

त्या शनिवारी पोचले तेव्हा भरतेश टँकच्या काठावर कमरेवर हात ठेवून उभा होता. मालदीव कुठंच दिसत नव्हतं. म्हशी बसतात त्या डबक्यासारखं पाणी, आणि कोपऱ्यांत लोकरीचे गुंते.

‘अक्का, तुमचं औषध काय चालंना बघा.’

‘मागच्या खेपेला लख्ख करून गेले होते.’

‘गेला होता की. चार दिवस टाचणी पडली तर दिसंल असं पाणी. मग खालून ढगासारखं उठलं. बागेवर करपा आला तर त्याला काय मारायचं मला ठाऊक आहे. मोरचूद टाकू म्हटलं तर तुम्ही नको म्हणता.’

‘आप्पांच्या अंगाला लागेल ते.’

‘मग ह्या खेपेला शेवटचं. राग मानू नका. परत हिरवं झालं तर मी टाकी मोकळी करतो आणि आत बेदाण्याचे रॅक लावतो. आप्पांना तुम्ही घेऊन जावा सांगलीला. तिथं दवाखाना तरी जवळ पडंल.’

आप्पांना तुम्ही घेऊन जावा. मी तोंड दुसरीकडं फिरवलं, कारण माझ्या चेहऱ्यावर काय उमटलं असेल याची मला खात्री नव्हती.

मग मी लांब दांड्याचा ब्रश घेतला आणि भिंती घासायला लागले. टँक साफ व्हावा असं मला वाटत नव्हतं. पण अक्काला जमलं नाही, असं त्रिशलानं म्हणावं, हेही मला चालणार नव्हतं.

पाण्याखाली काय चालायचं

घासताना मी नेहमी तेच बघायची. निळं पाणी. सकाळचं ऊन. मी सांगलीच्या बसमध्ये आणि इथं, मी निळ्या केलेल्या पाण्यात, आप्पा आणि त्रिशला. ती त्यांचा हात धरून चालवते. ते तिला कृष्णेच्या गोष्टी सांगतात. पुरात वाहून आलेल्या लाकडाची, विष्णू घाटावरच्या बुडीची. त्या माझ्या गोष्टी होत्या. त्यांनी पोहायला मला शिकवलं होतं. त्रिशलाला पाण्याची भीती, ती कधी घाटाच्या शेवटच्या पायरीखाली उतरली नाही. आणि आता टँक तिच्या घरात, आप्पा तिचे, गोष्टी तिच्या. घासायला मी.

असा विचार केला की ब्रश चांगला चालतो.

हिरवं, पुढं

अंगठ्याचा आवाज आला. मग आप्पा आले, काठी टेकत. काठावरच्या वेताच्या खुर्चीत बसले. खुर्ची नवीच होती, पण तिची बैठक इतक्यातच खोलगट झाली होती.

‘आलीस?’

‘आले.’

‘किती जीव मारतेस गं चंदना.’

‘तुमच्या पायासाठी, आप्पा.’

‘पाय माझा, पाप तुझं. वाटणी चांगली आहे.’

त्रिशला हसली. ती जाळी आणि बादली घेऊन आली होती. ‘थांब अक्का, पावडर टाकायच्या आधी वरवरचं मी काढून घेते. प्रत्येक वेळी मीच काढते की.’

ती काठावर गुडघे टेकून, एका हातानं कठडा घट्ट धरून, जाळीनं शेवाळ ओढून घ्यायची. भित्र्या माणसाचं पोहणं इतकंच. बादली भरली की बेदाण्याच्या शेडमागं घेऊन जायची. नारळाच्या बुडाशी टाकत असेल, असं मी धरून चालले होते.

‘दिवस मावळायच्या आत जेवून घ्या,’ आप्पा म्हणाले. ‘त्रिशला, हिला मेतकूट-भात लागतो शेवटी.’

‘मला माहीत आहे, आप्पा.’

‘तुला माहीत आहे म्हणून सांगितलं नाही. मला आठवलं म्हणून सांगितलं.’

जेवणं झाली. दिवेलागणीला, ऊन पूर्ण गेल्यावर, मी वारा पाठीवर घेऊन टीसीएलचा डबा उघडला. पावडर पाण्यात कालवून कडेकडेनं ओतत गेले. आप्पा तोपर्यंत उठून आत गेले होते. ते दर वेळी जायचे.

दुधी

दुसऱ्या दिवशी पाणी दुधी होतं. शेवाळ मेलं की असंच होतं. हिरवेपणा जातो आणि राखेसारखं काहीतरी पाण्यात तरंगत राहतं. आता तुरटी फिरवायची, पंप बंद ठेवायचा, सगळं खाली बसू द्यायचं आणि मग तळ ओढून घ्यायचा.

व्हरांड्यात त्रिशला आप्पांची नखं कापत होती. डावा हात तिच्या मांडीवर होता, उपडा, झोपलेल्या मांजरासारखा.

‘दे इकडं. मी कापते.’

‘असू दे, अक्का. तू पाण्याचं बघ.’

‘माझ्याकडं होते तेव्हा मीच कापायची.’

‘तेव्हा त्यांचं त्यांना कापता येत होतं,’ त्रिशला म्हणाली आणि पुढचं बोट घेतलं.

आप्पा आढ्याकडं बघत राहिले. मी तुरटीसाठी रिकामी बादली शोधायला शेडमागं गेले.

तिथं आईचा हंडा होता.

हा हंडा मला हवा होता. आई गेल्यावर मी तो मागायच्या आत त्रिशलानं मागितला आणि आप्पांनी दिला. इतक्या वर्षांत तिच्या स्वयंपाकघरात तो मला कधी दिसला नव्हता. आता इथं, शेडच्या भिंतीला लागून, उन्हात. तोंडावर पांढरं कापड दोऱ्यानं बांधलेलं, दुहेरी. मी दोरा सोडला.

आत हिरवं पाणी होतं. मेलेलं नव्हे. ताजं, दाट, काठाशी बारीक बुडबुडे धरलेलं. वर्गात मुलींना दाखवावं असं निरोगी शेवाळ.

नुसत्या पितळेच्या भांड्यात शेवाळ फार टिकत नाही, त्यातलं तांबं त्याला मारतं. मी हात बुडवून हंड्याची आतली बाजू चाचपली. पांढरी, गुळगुळीत. ताजी कल्हई होती.

मधेच

आप्पांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. टँकमध्ये भरतेशच्या मुलानं मासे सोडलेत. पाणी हिरवंच असतं, आणि त्याबद्दल कुणाचं काही म्हणणं नसतं.

दुधी, पुढं

‘आप्पा, शेडमागं हंडा आहे.’

‘कुठला?’

‘आईचा. त्यात टँकमधलं शेवाळ पाळलंय.’

त्रिशला आत भाकरी थापत होती, थापटण्याचा आवाज येत होता.

‘पहिल्यांदा तू ती पावडर टाकलीस ना, तेव्हा मला झोप लागली नाही,’ ते म्हणाले. ‘मी त्रिशलाला म्हटलं, थोडे तरी बाजूला काढून ठेव. वास गेला की सोड त्याच पाण्यात. तुझी आई असती तर तिनं हेच केलं असतं.’

‘त्यामुळं तर परत परत हिरवं होतंय. मी मारते आणि तुम्ही बियाणं पेरता.’

‘परत परत?’ त्यांनी माझ्याकडं बघितलं. ‘मी एकदाच म्हटलं होतं. त्यात मन शांत झालं. दर खेपेला मी कशाला सांगू? मलाही पाय हवाय की.’

थापटण्याचा आवाज थांबला होता. मग परत सुरू झाला.

म्हणजे पुढच्या सगळ्या खेपांना त्रिशला आपणहून. मला त्याचा अर्थ लागेना. टँक हिरवा झाला तर आप्पा जाणार, हे तिला भरतेशनं सांगितलं असणारच. ज्याच्यासाठी मी रात्रंदिवस जळत होते ते हिच्या घरात होतं आणि ही आपल्या हातानं घालवायला निघाली होती. कंटाळली असेल, मला वाटलं. नखं कापून कंटाळली असेल. आणि हे वाटल्यावर मला बरं वाटलं. मी गप्प बसायचं ठरवलं. मी काही करायची गरजच नव्हती. टँक निळा करायचा, बसमध्ये बसायचं. ती हंडा ओतेल. भरतेश रॅक लावेल. ट्रंक पुन्हा जीपमध्ये चढेल, या वेळी माझ्याकडं यायला.

तळ ओढताना मी गुणगुणत होते.

निळं

सोमवारी सकाळी तळातल्या टाइल्सच्या रेघा मोजता आल्या असत्या. मी परीक्षानळीत पाणी घेऊन त्यात क्लोरीन तपासायचे थेंब टाकले. फिकट पिवळा रंग आला. उतरायला हरकत नव्हती. दर खेपेला निघायच्या आधी मी आप्पांना एकदा पाण्यात चालवायची. तेवढं माझं.

आप्पा पंचा नेसून खुर्चीत बसले होते. मी नऊवारीसारखी साडी खोचत होते, तेव्हा त्रिशला आली. शेडमागून. काखेत हंडा, दुसऱ्या हातानं सावरलेला, पाठीत वाकलेली. तिनं तो माझ्या पायाशी ठेवला.

‘काल बघितलास ना.’

‘बघितला. कल्हई छान करून घेतलीयस.’

‘तूच म्हणाली होतीस, पितळेत मरतं म्हणून.’

‘आप्पांनी एकदाच सांगितलं होतं. बाकीच्या खेपांना कुणी सांगितलं?’

‘कुणी नाही.’

‘मग?’

ती माझ्याकडं बघत नव्हती. खुर्चीकडं बघत होती. आवाज तिनं अगदी खाली आणला. ‘त्या खुर्चीची बैठक बघितलीस? दिवाळीत आणलीय.’

‘त्याचं काय?’

‘तू गेलीस की ते तिथं बसतात. पाणी असं निळं असतं, वर कावळा दिसला तर खाली दिसतो, आणि हे बसून. सकाळी बसतात, संध्याकाळी बसतात. उतरत नाहीत.’

‘उतरत नाहीत म्हणजे?’

‘एकदाही नाही. भरतेशनं विनवलं. धरायला माणूस ठेवला. मी पदर खोचून तिसऱ्या पायरीपर्यंत गेले, अक्का, मी. म्हणाले, तुला स्वतःला तरंगता येत नाही, तू मला काय धरणार. चंदना आली की बघू.’

मी पाण्याकडं बघितलं. त्यात कुणी चालत नव्हतं. मी गेल्यावर कधीच चाललं नव्हतं.

‘मग फोन करायचास.’

‘काय सांगू फोन करून? गरज असेल तर बोलव, म्हणालीस. शेवाळाची गरज सांगता येते.’ तिनं हंड्यावरच्या कापडाचं टोक सरळ केलं. ‘खायला मी घालायचं. औषध मी द्यायचं. रात्री उठून पाय मी चेपायचा. आणि दिवसभर, चंदना असं करायची, चंदनाला हे आवडतं, चंदना कशी सूर मारायची. हे परत मीच फोनवर तुला सांगायचं? ते माझ्यानं झालं नसतं.’

ती रडत नव्हती. तो चेहरा मला ओळखीचा वाटला. केस विंचरताना रोज आरशात दिसायचा तोच.

‘भरतेश काय म्हणाला तुला ठाऊक आहे ना?’ मी विचारलं.

‘ठाऊक आहे. म्हणून तर आणला इथं. ओत. चार दिवसांत हिरवं होईल, तो टाकी मोकळी करेल. आप्पा तुझ्याकडं. पाण्यात चालायला मिळणार नाही, पण तू असशील.’ ती जराशी हसली. ‘बघ तरी घेऊन जाऊन. मग तुला कळेल, दिवसभर ते त्रिशला त्रिशला करतात की काय.’

आप्पा खुर्चीतून ओरडले, ‘काय कुजबुज चाललीय? माझे पाय गार पडले.’

मी हंड्याच्या काठाला हात घातला. जड होता. आईला तो डोक्यावर पेलायचा, मला तर हलवेना.

‘धर दुसरी बाजू,’ मी म्हणाले.

‘ओतायला दोघी कशाला?’

‘त्रिशला, हा टँक भरला कुठल्या पाण्यानं?’

‘शेततळ्यातल्या.’

‘मग हे जीव आले कुठून?’

आप्पांना तेवढं ऐकू गेलं होतं. काठी आपटून ते म्हणाले, ‘म्हणजे इतके दिवस आपण त्यांना परगावी सोडत होतो?’

‘तुम्हीच म्हणालात ना आप्पा, त्याच पाण्यात.’

‘मी म्हातारा माणूस. तू रसायनं शिकवतेस. चुकलो तर सांगायचं.’

दोघींनी हंडा शेततळ्यापर्यंत नेला. बागेच्या कडेनं, मधे दोनदा टेकवत, एकमेकींच्या पायावर पाणी सांडत. ‘तुझ्या बाजूला कलतोय,’ ती म्हणत होती. ‘तुझी बाजू उंच आहे,’ मी म्हणत होते. शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद निसरडा असतो, कडेला जाता येत नाही. त्रिशलानं पंपाजवळची दोरी आणली. आम्ही हंड्याच्या गळ्याला दोरी बांधून तो सावकाश खाली सोडला आणि पाण्याला टेकल्यावरच कलता केला. हिरव्यात हिरवं गेलं. वर ओढताना तो हलका लागला.

‘हंडा घेऊन जा तू,’ त्रिशला म्हणाली.

‘असू दे तुझ्याकडं.’

‘घेऊन जा म्हणते ना. मला बघवत नाही तो.’

मी नेला. माझ्या घरात तो अजून आहे. कल्हई गेली त्याची.

निळं, पुढं

‘पदर खोच,’ मी त्रिशलाला म्हणाले.

‘मी कशाला?’

‘कमरेएवढं आहे. आणि मी आठवड्यातून एकदाच येणार. हिरवं असो की नसो.’

आप्पांनी आम्हा दोघींकडं आळीपाळीनं बघितलं. आम्ही उतरलो. मी आप्पांच्या डाव्या बाजूला, नेहमीसारखी. उजवा हात मी मुद्दाम त्रिशलाला दिला. ती धड बाजू, तिकडं काही काम नसतं, ती नुसती धरून चालली तरी पुरे.

त्रिशलाचे ओठ हलत होते.

‘णमोकार मंत्र म्हणतेस का?’ आप्पांनी विचारलं. ‘मोठ्यानं म्हण. मलाही हवाय.’

दोन पावलं गेलो आणि आप्पा थांबले. पाण्यात ते सावकाश, पूर्ण वळले, म्हणजे त्यांचा धड हात माझ्याकडं आला. मग पाण्यात लोंबणारा डावा हात त्यांनी उजव्यानं उचलला आणि त्रिशलाच्या हातात ठेवला.

‘आप्पा, तिला नाही जमणार ती बाजू,’ मी म्हणाले.

‘जमेल. नखं तीच कापते, तिला तो हात ठाऊक आहे.’

‘पडलात म्हणजे?’

‘तू आहेस की. दोघांना काढशील.’

आणि चालायला लागले. त्रिशला एकेक पाऊल मोजल्यासारखं टाकत होती, सगळा भार तिच्यावर, मान ताठ, आणि आप्पा तिच्या कानाशी सांगत होते, पायाचा तळवा आधी टेकव, पाण्याला घाबरलीस की ते ओढतं. हे मला त्यांनी कृष्णेत सांगितलं होतं. शब्दही तेच. तिसऱ्या फेरीला ते पुरात वाहून आलेल्या लाकडाची गोष्ट सांगायला लागले. ती म्हणाली, ‘मग?’ मी कधी ‘मग’ म्हटलं नव्हतं, मला पुढचं माहीत असायचं.

माझ्या हातात त्यांचा उजवा हात होता. उबदार, भक्कम. त्याला कुणी धरायची गरज नव्हती. मी धरून चालले.

आप्पा मला पाठीला डबा बांधून कृष्णेत पोहायला शिकवत होते त्या उन्हाळ्यात, माझा पिवळा फ्रॉक भिजू नये म्हणून त्रिशला तो दोन्ही हातांनी डोक्यावर धरून घाटाच्या पायरीवर उभी असायची.